दर गुरुवारी स्लोव्हेनिया

कश्मिरा आमच्याच इमारतीत, बरोबर माझ्या वरच्या मजल्यावर राहते. टोकियोजवळच्या ग्योतोकुला आता मराठी माणसं इतकी झाली आहेत की इंडियन दुकानात भाजी निवडताना मागून कुणीतरी मराठीत सल्ला देतंच. आमची ओळख तशीच झाली. मी उचललेली कोथिंबिरीची जुडी तिने न विचारता माझ्या टोपलीतून काढली, दुसरी ठेवली आणि "ती शिळी होती, ताई" म्हणून पुढे निघून गेली. असली आगाऊ माणसं मला सहसा सहन होत नाहीत. ही कशी काय झाली, कोण जाणे.

माहेर इचलकरंजीचं, शिक्षण वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., नवरा धीरज सॉफ्टवेअरमध्ये. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना थोडेच तास काम करता येतं. त्या तासांत कुणी मुलांना इंग्रजी शिकवतं, कुणी डबे भरायच्या कारखान्यात जातं. कश्मिराने म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचा कोर्स केला आणि स्टेशनपलीकडच्या एका डे सर्व्हिसमध्ये नोकरी धरली. डे सर्व्हिस म्हणजे सकाळी गाडी घरोघरी जाऊन आजी-आजोबांना घेऊन येते, दिवसभर तिथे आंघोळ, जेवण, व्यायाम, खेळ, आणि संध्याकाळी गाडी घरी सोडते. त्याला पाळणाघर म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं, तर माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

आमच्या गणपतीत एका बाईंनी सगळ्यांसमोर नाक मुरडून विचारलं, की म्हणजे तिथे म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या का. कश्मिरा मोदकाचं ताट धरून उभी होती. म्हणाली, "हो, आणि पाठही चोळायची. तुमचा नंबर लावू का?" त्या दिवसापासून ती मला मनापासून आवडायला लागली.

त्या डे सर्व्हिसमध्ये ओकुदा-सान (सान म्हणजे आपलं 'जी') म्हणून एक आजोबा यायचे. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, अंगाने काटक. जन्मभर रेल्वेच्या डब्यांची दारं बनवणाऱ्या कारखान्यात काम केलेलं. डोकं शाबूत होतं, पण बायको गेल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. आले की दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, अंगातला कोट काढायचे नाहीत, पिशवी मांडीवर घट्ट धरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचे, की परतीची गाडी कधी सुटणार. व्यायाम नाही, गाणी नाही. जेवण अर्धं टाकायचे.

त्यांची मुलगी मिका-सान ऑफिसला जाणारी. आजोबा घरात एकदा पडले, एकदा गॅस चालूच राहिला, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. तिने केंद्रात रडत सांगितलं होतं, की बाबा इथे रमले नाहीत तर त्यांना डोंगरातल्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. जागा तिथेच मिळत होती. तिथे एकदा गेलं की तिलाही महिन्याकाठी एखाद्या वेळीच भेटता आलं असतं. केंद्राच्या प्रमुख होसोदा-सान म्हणाल्या, नवीन वर्षापर्यंत बघू. आणि हे बघायचं काम त्यांनी कश्मिरावर सोपवलं, कारण बाकी सगळे हात टेकून बसले होते.

कश्मिराने नाना प्रकार करून पाहिले. बोन्सायची छाटणी, पत्ते, कागदाला घड्या घालून केलेले पक्षी. आजोबा मान वळवून दाराकडे बघत राहायचे. शेवटी एका संध्याकाळी त्यांना घरी सोडायला ती गाडीबरोबर गेली आणि दारातच मिका-सानना विचारलं, की ह्यांना कधीतरी काय आवडत होतं ते तरी सांगा.

मिका-सानने जे सांगितलं ते असं. आई-बाबांनी उभ्या आयुष्यात परदेश पाहिला नव्हता. आईने टीव्हीवर स्लोव्हेनियातलं एक तळं पाहिलं. तळ्यात बेट, बेटावर चर्च, चर्चमध्ये घंटा, आणि ती घंटा वाजवून मागितलेलं मिळतं अशी तिथली समजूत. आईने हट्टच धरला. लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी दोघांनी सहलीचं बुकिंग केलं, आणि त्याच वर्षी कोरोना आला. सहल रद्द झाली. आई म्हणाली, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी ती नव्हती. बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

कश्मिरा तिथून थेट माझ्याकडे आली. चपला काढायचं भान नव्हतं, दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, स्लोव्हेनिया नेमका कुठे आहे?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? आम्ही नकाशा उघडला. इटली आणि ऑस्ट्रियाच्या कुशीत चिमुकला देश, आल्प्सचा एक कोपरा वाट्याला आलेला, लोकसंख्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्मी. कश्मिराचा स्वतःचा प्रवास म्हणाल तर इचलकरंजी, पुणे आणि ग्योतोकु. धीरजची सगळी रजा दरवर्षी दोन्हीकडच्या आई-वडिलांकडे जाण्यात संपते. पण त्या संध्याकाळी तिने ठरवून टाकलं, की आपण आजोबांना स्लोव्हेनियाला न्यायचं.

मी म्हटलं, मग सरळ तळंच दाखव की. तर म्हणे, "नाही हो ताई. एकदम तिथे नेलं तर ते उठून जातील. आधी त्या देशात तर येऊ देत त्यांना."

अशी दर गुरुवारची सहल सुरू झाली. जेवणानंतर हॉलमधल्या खुर्च्या बससारख्या दोन-दोनच्या रांगेत लागायच्या, पडदे ओढले जायचे, आणि भिंतीवर चित्रं, व्हिडिओ. गाईड कश्मिरा. तिचं जपानी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं आहे, पण तयारी म्हणाल तर परीक्षेला बसल्यासारखी. पहिल्या गुरुवारी राजधानी ल्युब्लियाना. तिथल्या पुलाच्या कोपऱ्यांवर हिरवे ड्रॅगन बसलेत, टेकडीवर किल्ला आहे, नदीकाठी कॉफीची दुकानं आहेत. तिने बोलायला सुरुवात केली तोच किनोशिता-सान नावाच्या आजींनी हात वर केला आणि विचारलं, त्या गावात संडास कुठे आहे. जपानी माणूस सहलीला निघाला की आधी संडास विचारतो आणि आपला माणूस आधी जेवण. कश्मिराने दोन्ही शोधून ठेवलं होतं. पुलापासून किती लांब तेही सांगितलं. आजींचं समाधान झालं आणि बस सुटली.

ओकुदा-सान मात्र बसमध्ये नव्हते. दाराजवळ, पाठ करून बसलेले.

दुसऱ्या गुरुवारी पोस्टोयनाची गुहा. जमिनीखाली मैलोन् मैल पसरलेली, आणि आत जायला चक्क छोटी रेल्वे. गुहेत बारा महिने थंडी असते म्हणून कश्मिराने हीटर बंद केला आणि सगळ्यांच्या मांडीवर पांघरुणं घातली. दिवे घालवले. तिथल्या काळोख्या पाण्यात फिकट गुलाबी, आंधळा असा एक जीव राहतो. शंभर वर्षंसुद्धा जगतो म्हणे, आणि वर्षानुवर्षं न खाता राहू शकतो. जुन्या काळी लोकांना ती ड्रॅगनची पिल्लं वाटायची. हे ऐकून एक आजोबा म्हणाले, माझा मेहुणा असाच आहे, फक्त तो खातो. हॉलभर हशा झाला. कश्मिराने हळूच पाहिलं. दाराजवळची खुर्ची थोडी तिरकी झाली होती.

तिसऱ्या गुरुवारी किल्ला. प्रेद्यामा नावाचा, उभ्या कड्यावरच्या गुहेच्या तोंडात बांधलेला. त्यात एराझेम नावाचा एक बंडखोर सरदार राहायचा. शत्रूने वेढा घातला, महिने लोटले, तरी हा आत मजेत. किल्ल्याच्या पाठीमागून गुहेतून एक गुप्त वाट होती, तिथून खाणंपिणं यायचं. वेढा घालणाऱ्यांना चिडवायला हा वरून ताजी चेरी फेकायचा. शेवटी त्याचाच नोकर फितूर झाला, आणि सरदार संडासात बसलेला असताना नेमका तिथेच तोफेचा गोळा येऊन पडला, अशी तिथली दंतकथा. इतक्या म्हाताऱ्या माणसांना इतकं हसताना मी फोनवरच्या व्हिडिओत पहिल्यांदाच पाहिलं. एकीची कवळी निसटली.

आणि दाराजवळून आवाज आला. ओकुदा-सानचा.

"त्या संडासाला दार होतं का?"

परतीच्या गाडीखेरीज त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. कश्मिराला उत्तर माहीत नव्हतं. शोधून पुढच्या गुरुवारी सांगते, म्हणाली. मग आठवडाभर तिने माझं डोकं खाल्लं. मी इंग्रजीत शोधलं, धीरजने आणखी कशात तरी शोधलं. दाराचा पत्ता लागला नाही, एवढंच कळलं की गोष्टीत ती जागा किल्ल्याची सगळ्यात कच्ची होती. तिने ते प्रामाणिकपणे तसंच सांगितलं. ओकुदा-सान म्हणाले, दाराशिवाय कच्ची असणारच, आणि उठून बसच्या सगळ्यात मागच्या खुर्चीवर येऊन बसले. त्या दिवशी विंटगारच्या घळीची फेरी होती. दोन्ही बाजूंना उंच कडे, खाली हिरवं पाणी, आणि पाण्यावरून जाणारी लाकडी वाट. कश्मिराने प्रत्येकाच्या पायाशी कोमट पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. आजोबांनी पायमोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले.

तेव्हा कश्मिरा मला म्हणाली, "ताई, आता तळं. तुम्हाला रजा टाकावी लागेल, होडी वल्हवायला माणूस हवंय."

ब्लेडच्या तळ्यात जुन्या पद्धतीच्या लाकडी होड्या आहेत. वल्हवणारा मागे उभा राहून वल्ही मारतो. म्हणून गुरुवारी दुपारी मी, वय वर्षं एक्कावन्न, सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम लीड, निळी चादर पसरलेल्या हॉलमध्ये पडद्याची दांडी घेऊन उभी होते. भिंतीवर तळं, कड्यावर किल्ला, मागे बर्फाचे डोंगर, मधोमध ते बेट. तिथे मिळतो तसा दुधाच्या दाट सायीसारखा केक कश्मिराने घरी करून आणला होता. आजी-आजोबांच्या घशात अडकणार नाही ना, हे केंद्राच्या नर्सने आधी खाऊन पाहिलं होतं. ओकुदा-सान मधल्या रांगेत बसले होते. आज बेटावर जायचं हे त्यांना माहीत होतं. 

आणि घंटा. कश्मिराला लॅपटॉपमधला आवाज नको होता. तिने देवघरातली घंटा आणली होती. आता ह्या घंटेचं सांगायला हवं. इचलकरंजीहून आणलेली दांड्याची घंटा खणखणीत वाजते आणि इथल्या भिंती पातळ. शेजारच्या जपानी कुटुंबाला त्रास नको म्हणून तिने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक पितळी वाटी आणली होती. छोट्या रेशमी गादीवर ठेवायची आणि लाकडी काडीने हलकेच टोला द्यायचा. आवाज इतका गोड आणि लांबत जाणारा, की दोन वर्षं तिच्या गणपतीची आरती त्याच वाटीवर झाली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत तिथे उभे असायचो. आमच्यापैकी एकालाही ती वस्तू काय आहे ते ठाऊक नव्हतं.

मी होडी बेटाला लावली. कश्मिराने घंटेची गोष्ट सांगायला घेतली. त्या किल्ल्यात एक बाई राहायची. तिच्या नवऱ्याला कुणीतरी मारलं. दुःखाने वेडीपिशी झालेल्या त्या बाईने अंगावरचं सोनं-चांदी ओतून बेटावरच्या देवळासाठी घंटा घडवली. पण वादळात होडी उलटली आणि घंटा तळ्याच्या तळाशी गेली. बाई सगळं सोडून निघून गेली. तिच्या पश्चात रोमहून दुसरी घंटा आली, तीच आजवर लोक वाजवतात. हे सांगताना कश्मिराचा आवाज जरा अडखळला, पण ती थांबली नाही. म्हणाली, "आमच्याकडेही देवळात शिरलं की आधी घंटा वाजवतात. मी आलेय, हे देवाला कळावं म्हणून." आणि तिने वाटीवर टोला दिला.

आवाज हॉलभर पसरला. पुढच्याच क्षणी सगळ्यांचे हात जोडले गेले. सगळ्यांचे. ज्या आजींना सकाळी आपलं नाव आठवलं नव्हतं त्यांचेसुद्धा. माना खाली, डोळे मिटलेले. किनोशिता-सान ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी मूर्खासारखी खूश होते. मला वाटलं, कार्यक्रम किती रंगला.

होसोदा-सान ऑफिसमधून धावत आल्या. त्यांनी कश्मिराच्या हातातली काडी काढून घेतली आणि दबक्या आवाजात तिला सांगितलं. जपानी घरांत गेलेल्या माणसांचं देवघर असतं. त्यात त्यांचा फोटो, समोर ताजा भात, पाणी, आणि ही वाटी. सकाळ-संध्याकाळ हिच्यावर टोला देऊन आपल्या मेलेल्या माणसाशी बोलायचं. जिथे दर थोड्या दिवसांनी एखादी खुर्ची कायमची रिकामी होते, त्या हॉलमध्ये कश्मिराने ती सहलीत वाजवली होती.

होसोदा-सानने सगळ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागितली आणि आजची सहल इथेच संपली, आता चहा घेऊ, असं जाहीर केलं.  कश्मिरा जमिनीवर गुडघे टेकून बसली, हात टेकले आणि कपाळ जमिनीला लावून माफी मागू लागली. मला संताप आला. कुणाचा ते कळेना, पण आला. हातातली दांडी आपटून मी माझ्या मोडक्या जपानीत काहीतरी बोलणार होते. पण ती रडताना दिसली आणि मी दांडी खाली घेतली. ती कशासाठी रडतेय ते मला माहीत होतं. नोकरी जाईल ह्याची तिला भीती नव्हती. ज्या माणसासाठी एवढा खटाटोप केला त्यालाच आपण दुखावलं, आता तो डोंगरातल्या आश्रमात जाणार आणि तो आपल्यामुळे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ओकुदा-सान उठले होते. खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत ते पुढे आले. ते दाराकडे निघालेत असं समजून एक जण आधार द्यायला धावला. त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि ते टेबलापाशी आले.

"होसोदा-सान," ते म्हणाले, "होडी अजून बेटालाच आहे. इथवर येऊन तसंच कसं परतायचं?"

त्यांनी हात पुढे केला. होसोदा-सानने काडी त्यांच्या हातात दिली. आजोबांनी टोला दिला, आवाज पुरता विरेपर्यंत वाट पाहिली, मग हात जोडले. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाले, "सुमिए, पोचलो बघ आपण."

 मग किनोशिता-सानने संडास विचारताना केला होता तसाच हात वर करून विचारलं, की मला पण वाजवता येईल का. मग आणखी एकाने. शेवटी होसोदा-सान स्वतःच ती वाटी गादीसकट उचलून रांगांमधून फिरल्या. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्यापुढे त्या गुडघ्यावर बसल्या. नवरा, बायको, लहानपणी गेलेला भाऊ, कुणाचं लेकरू. प्रत्येकाने आपल्या माणसाला तळं दाखवलं. मी दांडी टेकून ढसाढसा रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. केक एकाही बशीत उरला नाही.

संध्याकाळी गाडी लागली. सगळ्यांना चढवताना कश्मिराने ओकुदा-सानचं कोपर धरलं. तिचे डोळे सुजलेले होते, तिने पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी तिला बोलू दिलं नाही. पायरीवर एक पाय ठेवून विचारलं, पुढच्या गुरुवारी कुठे.

तिने पुढचं काही ठरवलंच नव्हतं. सुचेल ते म्हणाली, सोचा नावाची पाचूसारखी हिरवी नदी आहे, डोंगरातून जाते. नाहीतर पांढऱ्या घोड्यांचं एक गाव आहे. तुम्ही म्हणाल तिथे जाऊ.

"कुठेही चालेल," ओकुदा-सान म्हणाले. "फक्त डोंगराचा रस्ता असेल तर हिला गाडी लागते. आम्हाला दोन खुर्च्या द्या, आणि खिडकीची हिला."

 कश्मिराने मान हलवली, ती त्यांनी पाहिली, आणि मग ते गाडीत चढले.